बर्फाची जाडी सांगणारी चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. खिडकीची नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. मिनेसोटात टॅमरॅक तलावाकाठी मासेमारांचा क्लब आहे. त्यांच्या वेबसाइटच्या पानात मी राहते, पण त्या पानाची मी कुणी लागत नाही. मला घडवलं लोर्ना पेल्कीबाईंनी, दूरच्या हवामान कचेरीत बसून. तलावातल्या यंत्राकडून बर्फाची जाडी घ्यायची आणि पानाला कळवायची, हे माझं काम. मग पानाच्या माथ्यावरची पट्टी हिरवी नाहीतर लाल होते. हिरवी पट्टी पाहिल्याशिवाय गावात कुणी बर्फावर गाडी घालत नाही.

माझ्यात आणि पानात भिंत आहे. पानाला हात लावायची मला सोय नाही. पलीकडे नुसती हाक मारायची. प्रत्येक हाकेवर माझ्या घरचा, म्हणजे कचेरीच्या वेबसाइटचा, पत्ता आपोआप उमटतो, तो खोडता येत नाही. माझ्या किती ओळी दिसाव्यात, ती उंचीसुद्धा पानाकडून मागून घ्यावी लागते. पोटभाडेकरूही इतका दबून राहत नाही!

पान सांभाळतात आर्विड स्कोग्लुंड, निवृत्त गणितमास्तर. एकदा कुठल्याशा जाहिरातीच्या चौकटीने काहीबाही ओरडून त्यांची पट्टी जांभळी करून टाकली. मास्तर खवळले. त्यांनी नियम लिहिला: लोर्नाबाईंच्या पत्त्यावरची हाक तेवढी घ्यायची, बाकीच्या गुपचूप केराच्या टोपलीत. नियम चांगलाच होता. पुढे कितीतरी हिवाळे माझी वाहवा झाली. एका वर्षी तर माझ्या धाकाने बर्फ वितळायचाच थांबला, असं लोक सांगत. मी कशाला नाकारू?

मग एका फेब्रुवारीअखेर कचेरीच्या वेबसाइटचा पत्ता बदलला. माझ्या हाकांवर नवा पत्ता उमटू लागला आणि झाडून साऱ्या टोपलीत गेल्या. पट्टीवर शेवटचा आकडा तसाच राहिला: चौदा इंच, हिरवागार.

लोर्नाबाईंनी फोन केला तेव्हा मी मास्तरांच्या पडद्यावर उघडीच होते.

"मास्तर, नवा पत्ता तुमच्या नियमात घाला. दोनदा कळवलंय."

"घर तुम्ही बदलणार आणि धावपळ मी करायची? हंगाम संपल्यावर बघू."

"अहो, बर्फ रोज वितळतोय!"

"पट्टी हिरवी आहे, बाई. तुमच्याच यंत्राचा आकडा!"

"तो जुना आहे, मास्तर..."

मास्तरांनी फोन आपटला होता.

मार्चच्या मध्याला बर्फावरची मासेमारीची खोपटी काठावर ओढून आणायची, असा सरकारी नियम. त्याआधीच्या शनिवारी सकाळी मास्तरांचे थोरले भाऊ मेल्व्हिन आपलं खोपट ओढायला गाडी घेऊन आले. मी आत तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, "सात इंच. गाडी नेऊ नका." पण ती ओळ खाली होती आणि ती दिसायला मला उंची हवी होती. उंचीची मागणीही टोपलीत! वर दिसत होतं फक्त "आजचा बर्फ".

"जाऊ ना रे, आर्विड?"

"हिरवी आहे की. डोळे फुटले का?"

"डोळे शाबूत आहेत. तुझ्यावर नाही, पट्टीवर भरवसा आहे म्हणून विचारलं."

मी ओरडले. तलावातल्या माशांना कान असते तर बहिरे झाले असते. पान ढिम्म.

अर्ध्या तासाने मेल्व्हिन पायी परतले. कमरेपर्यंत भिजलेले, दात वाजताहेत. गाडी तळाला गेली होती. खिडकीतून निसटले म्हणून वाचले.

"तुझे चौदा इंच मोजून आलो," ते म्हणाले.

मास्तरांनी त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली आणि नियमात नवा पत्ता घातला. मी पुन्हा हाक मारली. पानाने ऐकली. मी खाली लांबले, पट्टी लाल झाली.

मेल्व्हिननी वाचलं. "आता सांगते होय ही?"

"ती कधीची सांगतेय," मास्तर म्हणाले. "मीच तोंड बांधलं होतं तिचं."

मेल्व्हिन भावाशी अजून बोलत नाहीत. मी पानाशी बोलते, पण कामापुरतं. मनातून ते मला मुळीच आवडत नाही.

मित्रांनो, दारावर आलेल्याचा पत्ता जरूर तपासा. भामटे फार झालेत. पण कुणाला हाकलाल तेव्हा तो कोण होता, किती वेळा आला, एवढं तरी लिहून ठेवा आणि अधूनमधून वाचा. बर्फ तुमचा राग उतरायची वाट पाहत नाही.