उद्या दुपारी बारा वाजता

मी एक गाणं बोलतोय. लांबी तीन मिनिटं अकरा सेकंद. भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा जन्मच भीतीतून झाला.

माझी गायिका मोठी नावाजलेली. पोस्टरवर तिचं नाव हातभर अक्षरांत लागतं, पण घरी ती ठमीच. एका कार्यक्रमाआधी मेकअपच्या खोलीत तिचे हात गार पडले आणि धीर यावा म्हणून ती गुणगुणायला लागली. ते चार सूर तिने फोनमध्ये साठवले. तोच मी. पुढे महिनाभर बसून तिने मला शब्द दिले, आणि ते निघाले तिच्या ताईबद्दलचे.

बारा वर्षांपूर्वी दोघी बहिणी जोडीने गायच्या. एका स्पर्धेत ताईचा आवाज मधेच बसला. लोक हसले. ताई स्टेजवरून उतरली, ठमीने एकटीने गाणं पुरं केलं आणि बक्षीस घेऊन आली. त्यानंतर ताई कधी गायली नाही. तिने कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं.

माझ्यातली सगळ्यांची आवडती ओळ होती, ‘तू पळालीस, मी गात राहिले.’ रेकॉर्डिस्टने ती ऐकून डोळे पुसले. गाणी काढणाऱ्या कंपनीच्या बाई म्हणाल्या, “ही ओळ लोक उचलून धरणार. शुक्रवारी दुपारी बाराला सोडू.”

एकदा सुटलेलं गाणं परत बोलावता येत नाही. आणि ताईला तर माझा पत्ताच नव्हता.

ठमीलाही ते खुपत असावं. गुरुवारी सकाळी ती अचानक ताईच्या दुकानात जाऊन उभी राहिली. ताई तोंडात टाचण्या धरून एका पँटची शिवण उसवत होती.

“उद्या गाणं येतंय,” ठमी म्हणाली. “तू आधी ऐकावंस असं वाटलं.”

“मला मेलीला काय कळतंय त्यातलं!” ताईने टाचण्या काढून ठेवल्या आणि हेडफोन लावला.

इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. जग हसलं असतं तरी चाललं असतं, पण हे दोन कान नकोत! ताई शेवटपर्यंत हलली नाही. मग हळूच म्हणाली, “चाल गोड आहे. पण ठमे, मी पळाले नाही.”

“अगं, पण...”

“आवाज बसला तेव्हा मी तुझा हात धरला होता. घट्ट. तू तो सोडवून घेतलास आणि माइककडे गेलीस. मग मी कुणासाठी थांबणार होते?”

ठमीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला आठवत होतं. बारा वर्षं ती स्वतःलाच वेगळी गोष्ट सांगत आली होती.

“मी गाणं थांबवते.”

“थांबवू नकोस. खोटं तेवढं सांगू नकोस.” ताईने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. बोलणं संपलं.

ओळ बदलते म्हटल्यावर फोनवर कंपनीच्या बाई कडाडल्या, “वेड लागलंय का? लोक तुलाच नावं ठेवतील!”

“ठेवू देत,” ठमी म्हणाली आणि स्टुडिओकडे निघाली.

दुपारी ती माइकसमोर उभी राहिली. चार वेळा आवाज चिरकला. पाचव्यांदा तिने गायलं, ‘तू हात धरलास, मी सोडवून घेतला.’ शब्द चालीत नीट बसेनात. रेकॉर्डिस्ट म्हणाला, “जरा ओढून बसवू?” ती म्हणाली, “राहू दे तसंच.”

शुक्रवारी बाराच्या ठोक्याला मला जगात ढकललं. क्षणात मी अनोळखी कानांत शिरलो. कुणी भांडी घासत होतं, कुणी धावत होतं. काहींनी मला डोक्यावर घेतलं. काहींनी लिहिलं, ‘सख्ख्या बहिणीशी अशी वागली!’ ठमी फोन पालथा घालून भिंतीकडे बघत बसली होती. संध्याकाळी ताईचा निरोप आला. ‘ऐकलं.’ एवढंच.

त्याचा अर्थ काय, हे ठमीला अजून विचारवलेलं नाही. मलाही कळलेलं नाही. ताईच्या दुकानातल्या रेडिओवर मी लागतो तेव्हा ती मशीन थांबवत नाही, पण रेडिओही बंद करत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला लावलंत तर मधूनच पुढे ढकलू नका. ती ओळ अडीच मिनिटांनंतर येते. दर वेळी माझा थरकाप होतो, तरी येते.