बटणबाईची चार ठिपक्यांची नाणी

अशी कल्पना कर, की तुझं घर एका लाँड्रीच्या मागेच आहे. सकाळी जाग येते ती इस्त्रीच्या वाफेच्या फुसफुसण्यानं. घरभर गरम सुती कापडाचा वास. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवावं म्हटलं, तर खुर्चीवर कुणाचे तरी पडदे ऐसपैस बसलेले.

आणि अशी कल्पना कर, की या घरात एक नियम सगळ्यात मोठा आहे: ज्याचा कपडा, त्यालाच गेला पाहिजे.

म्हणून तिथे आलेल्या प्रत्येक कपड्याला आतल्या बाजूनं न जाणाऱ्या काळ्या शाईची छोटी खूण करतात. एका घराला फुली, दुसऱ्याला चांदणी, तिसऱ्याला दोन रेघा. पांढरे शर्ट सगळे एकाच माळेचे मणी, पण कॉलर उलटून पाहिली की कोणता कोणाचा ते कळतं. एकदा डॉक्टरांचा शर्ट मास्तरांकडे गेला, तर बाबांना दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

या घरात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तुटलेली बटणं लावायचं काम तिचं. एका बटणाला एक नाणं, असा बाबांशी ठराव. आजोबा तिला बटणबाई म्हणायचे.

आजोबा इस्त्री करायचे आणि गप्पा मारायचे. त्यांच्या गप्पा ऐकायला लोक स्वच्छ रुमालसुद्धा धुवायला आणत. पण गेल्या वर्षी त्यांचे उरलेसुरले दात गेले आणि गप्पाही गेल्या. गिऱ्हाईक आलं की ते मुकाट्यानं मागच्या खोलीत जायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "इस्त्रीला कुठे दात लागतात?"

बटणबाईला ते पटलं नाही. चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून ती कवळीची किंमत विचारून आली. निम्मे बाबांनी द्यायचे, निम्मे मी देईन, असं तिनं जाहीर केलं. बाबा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की ती हसत नाहीये. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला बँकेत नेऊन तिच्या नावाचं खातं उघडून दिलं.

बँक बटणबाईला एकदम ओळखीची वाटली. तिथेही काउंटर होता, पावती मिळत होती, वाट बघायला बाक होता. म्हणजे ही लाँड्रीच, फक्त पैशांची, असं तिनं ठरवून टाकलं. तुलाही तसंच वाटलं असतं. म्हणून दर महिन्याला नाणी बँकेत न्यायच्या आदल्या दिवशी ती शाईची बाटली घेऊन बसायची आणि प्रत्येक नाण्यावर चार बारीक ठिपके द्यायची. बटणाला चार भोकं, म्हणून चार ठिपके.

दहा महिन्यांत तिचे निम्मे पैसे जमले. कवळी तयार झाली. बाबांनी आपला वाटा पाकिटात घालून आजोबांकडे दिला, आणि आजोबा आणि नात बँकेत गेले. ठरलेली रक्कम बटणबाईनं स्वतः कागदावर लिहिली. काचेमागच्या कॅशियरबाईंनी काही नोटा आणि मूठभर नाणी पुढे सरकवली.

बटणबाईनं एक नाणं उलटं केलं. दुसरं केलं. मग सगळीच करून पाहिली आणि काचेखालून परत आत ढकलली.

"ही माझी नाहीत," ती म्हणाली.

बाईंनी पुन्हा मोजले. हिशोब चोख होता. बटणबाई म्हणाली, मोजणी बरोबर असेल, पण माझ्या नाण्यांवर चार ठिपके आहेत, आणि नोटा तर मी कधी दिल्याच नव्हत्या. रांगेत मागे कोणीतरी खाकरलं. आजोबांचे कान लाल झाले. ते खाली वाकून हळूच म्हणाले, की घे आणि चल.

"दुसऱ्याच्या पैशांची कवळी तुमच्या तोंडात कशी घालू, आजोबा?"

चल मग घरी, वर्षभर निभावलं तसं पुढेही निभेल, असं पुटपुटत आजोबांनी तिचा हात धरला. बटणबाईच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण पैशांना तिनं हात लावला नाही.

कॅशियरबाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, घरी काय काम करता? लाँड्री, हे कळल्यावर त्यांनी मान डोलावली.

"इस्त्रीचे कपडे कशावर अडकवून देता गं?"

"हँगरवर."

"हँगर परत येतात?"

"चांगली माणसं आणतात."

"मग हँगरवर कुणाकुणाची खूण करता?"

एवढी मोठी बाई असं काय विचारते, म्हणून बटणबाईला रडता रडता हसू आलं. "हँगरवर कशाला खूण? हँगर कुठलाही चालतो. पाच नेले, पाच आणले, की झा..."

आणि ती मध्येच थांबली.

"म्हणजे पैसे शर्टासारखे नसतात," बटणबाई सावकाश म्हणाली. "हँगरसारखे असतात."

तिची ठिपकेवाली नाणी कधीच सुटे पैसे म्हणून बेकरीवाल्याकडे गेली होती, असं बाईंनी सांगितलं. ती आता गावभर फिरत असतील. पण तिनं किती दिले ते पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि तेवढे द्यायला बँक बांधलेली आहे. मग त्यांनी पासबुक भरून दिलं. बटणबाईनं शेवटचा आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. तिनं तर सगळे काढले होते. मग हे सात रुपये कुठून आले?

तेही तुझेच, बाई म्हणाल्या. तुझे हँगर आम्ही रिकामे टांगून ठेवले नव्हते. एका शिवणवालीला नवं मशीन घ्यायचं होतं, तिला तुझे आणि आणखी पुष्कळांचे दिले. ती परत करते तेव्हा वर थोडे जास्त देते. त्यातला तुझा वाटा म्हणजे हे सात. याला व्याज म्हणतात.

"आणि तिनं परतच नाही आणले तर?" लाँड्रीतली मुलगी ती, हा प्रश्न विचारणारच.

बाई हसल्या नाहीत. ती भीती आम्हालाही असते, त्यांनी कबूल केलं. म्हणून द्यायच्या आधी नीट चौकशी करायची आणि थोडे पैसे कायम बाजूला ठेवायचे. तिच्याकडून उशीर झाला, तरी तुझी मोजणी कमी पडता कामा नये.

मग बटणबाईनं नोटा आणि नाणी दोनदा मोजून आजोबांच्या आतल्या खिशात घातली.

"आणि हे सात? आत्ता देऊ?" बाईंनी विचारलं.

"राहू देत. कुणाला तरी मशीन घ्यायचं असेल."

तिनं पासबुक उचललं आणि मागे वळून पाहिलं, तर आजोबा पायऱ्या उतरून डॉक्टरीणबाईंच्या दिशेनं निघालेसुद्धा होते. मग काय, बटणबाई त्यांच्यामागे धावत सुटली.