माहेरची ट्रॉली

“मल्हारी, हा गाळ नेऊन टाकतोस कुठे रे?” पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेतली तेजस्विनी मॅडम वाळलेल्या वाफ्याच्या कडेला उभी राहून विचारत होती.

ट्रॅक्टरवाला मल्हारी ट्रॉलीत गाळ भरत होता. “खाणीच्या खड्ड्यात, मॅडम. उन्हाळ्यात एक खेप मात्र निवृत्तीभाऊंच्या बहिणीच्या वावरात टाकली. गिरणाऱ्याकडं. झेंडू हाय त्यांचा.”

बाजूलाच उभ्या असलेल्या निवृत्तीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचं फावडं हातातच राहिलं.

“शेतात?” मॅडम निवृत्तीकडे वळली. “अहो काका, हा धरणातला गाळ नव्हे. आपण पाण्यात तुरटी घालतो ना, ती सगळी यात उतरते. ती जमिनीतलं स्फुरद धरून बसते, रोपाला मिळूच देत नाही. कसा आहे त्यांचा झेंडू?”

“बघितला नाही,” निवृत्ती म्हणाला. हे मात्र खरं होतं. पावसाळाभर त्याने तिकडे जायचं टाळलं होतं.

शहराला पाणी पाजणाऱ्या त्या केंद्रावर निवृत्तीची उभी हयात गेली. गढूळ पाणी यायचं, तुरटीने गाळ तळाला बसायचा, निवळलेलं पाणी नाशिककरांच्या नळाला जायचं आणि गाळ या वाफ्यांत वाळत पडायचा. पाण्याची चौकशी सगळे करतात, गाळाला कोण विचारतो! धरणातला गाळ शेतकरी भांडून नेतात, मग हा तरी काय वेगळा, असं त्याला वाटलं होतं. निदान तसं त्याने स्वतःला पटवलं होतं.

सिंधुबाई त्याची थोरली बहीण. वडिलांच्या निफाडच्या काळ्याभोर जमिनीवरचा हक्क तिने भावासाठी हसत सोडला होता आणि नवऱ्याच्या माघारी गिरणाऱ्याच्या मुरमाड तुकड्यात फुलं पिकवत होती. उन्हाळ्यात तिने फोनवर चेष्टेनेच म्हटलं, “आरं, वावर नको मला. एक ट्रॉली माती तरी दे माहेरची. माझ्या मुरमाला जरा अंग येऊ दे.”

निवृत्ती ‘देतो की’ म्हणून बसला. पण ते वावर त्याने नुकतंच विकलं होतं, मुलाच्या फ्लॅटसाठी. बहिणीला सांगणं त्याच्या जिवावर आलं. म्हणून मल्हारीला गप्प राहायची ताकीद देऊन त्याने वाफ्यातल्या गाळाची ट्रॉली निफाडची म्हणून धाडली. सिंधुबाईने त्या ट्रॉलीला हळद-कुंकू वाहिलं, शेजारणींना बोलावून गूळ वाटला. मल्हारीने हे येऊन कौतुकाने सांगितलं.

आज ड्युटी संपताच त्याने मोटारसायकल गिरणाऱ्याच्या रस्त्याला घातली. दसरा तोंडावर आला होता. दोन्ही अंगांना लोकांचा झेंडू कमरेला लागला होता. सिंधुबाईच्या तुकड्यात मात्र रोपं घोट्याच्या वर सरकली नव्हती. पानं जांभळट, कळ्या हरभऱ्याएवढ्या.

“आलास व्हय? बस,” बांधावर बसलेली सिंधुबाई म्हणाली. “बघ कसं झालंय. खत टाकलं, औषध मारलं. समदे म्हनत्यात रोपं खराब. पन शेजारणीनं तीच लावल्यात की.” ती जरा थांबली. “आपल्या मातीनं मला वळखलं नाय, निवृत्ती. सोडून दिली ना मी तिला. तिनं तरी का धरावं?”

निवृत्ती बसला नाही. तो म्हणाला, “आक्का, तिचा दोष नाय. ती निफाडची नव्हतीच. आमच्या पाण्याच्या केंद्रातला गाळ होता. तुरटीचा. मला ठावं नव्हतं असं होईल.”

सिंधुबाईचा चेहरा एकदम उजळला.

“निफाडची नव्हती? देवाशप्पथ?”

“नव्हती.”

“आरं मग सांगायचंस ना, येड्या!” ती चक्क हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. “मी रोज तिला इचारायचे, बाई, माझं काय चुकलं म्हनून. जाऊ दे. एक दसरा गेला, दुसरा येईल. आता असं कर, भाऊबीजेला खरी आण. इहिरीच्या अंगाची. लय नको, पाटीभर आणलीस तरी चालंल.”

इथे निवृत्तीला सहज निसटता आलं असतं. पाटीभर काळी माती कुठूनही आणता आली असती, सिंधुबाई काही तपासत बसली नसती. पण तिला पुन्हा एकदा परक्या मातीला कुंकू लावताना बघायची त्याची छाती होईना.

“आक्का, वावर विकलं मी. चैत्रातच.”

“समदं?”

“हां.”

“इहिरीसकट?”

त्याने मान डोलावली. सिंधुबाई मघाशी रागावली नव्हती, आताही रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला फार फार वाटलं.

“मी काय हिस्सा मागितला असता?” ती हळूच म्हणाली. “निसती येऊन उभी राहिले असते रं. घडीभर.”

“हा गाळ तरी खरवडून नेतो मी. उद्या ट्रॉली आणतो, मल्हारीला घेऊन—”

खुरपं घेऊन सिंधुबाई वाफ्यात उतरली आणि एकेका खुरटलेल्या रोपाच्या बुडाशी माती ओढू लागली. निवृत्ती बराच वेळ बांधावर उभा होता. एक ओळ संपवून ती दुसऱ्या ओळीला लागली, तेव्हा तिने मान वर न करताच सांगितलं,

“जाताना वाटेवर काट्या वढून घे. शेळ्या शिरत्यात.”