हिरडीएवढी जागा

"शाकीर शेख बोलत आहेत का?"

इशरतनं सुई गादीत तशीच टोचून ठेवली. लेकाचा मोबाइल ती रोज चार्ज करायची, त्याचा रिचार्जही भरायची. का, ते नवऱ्यानं कधी विचारलं नव्हतं. आजवर त्यावर फोन यायचे ते फक्त कंपनीचे, रिचार्ज संपतंय म्हणून. गेलेल्या माणसाची कुणीतरी इतकी आठवण काढतं, याचं तिला बरंच वाटायचं.

"तो न्हाई. मी त्याची अम्मी."

"चाची, मी प्रतीक्षा, दातांच्या कॉलेजातून. त्यांची अक्कलदाढ काढली तेव्हा हिरडीचा बारीक तुकडा त्यांनी आम्हाला दिला होता, प्रयोगासाठी. त्यातल्या पेशी झकास वाढल्यात! पुढं ठेवायच्या तर त्यांना परत विचारावं लागतं."

"काय वाढलंय म्हणलीस?"

"हिरडीच्या पेशी. जिवंत आहेत. ते कधी भेटतील?"

शाकीरला ट्रकनं उडवलं त्याला वर्ष होत आलं होतं. इशरतनं तेवढंच सांगितलं. पलीकडची पोरगी हुंदके द्यायला लागली आणि शेवटी इशरतलाच तिची समजूत काढावी लागली.

वारंगा फाट्यावर तिच्या नवऱ्याचं, मकबूलचं, गाद्यांचं दुकान. तो मशीनवर कापूस पिंजायचा, इशरत खोळी शिवायची. शाकीर दुपारी मागच्या खोलीत निजायचा आणि झोपेत कराकरा दात खायचा. मग इशरत उठायची, त्याला कुशीवर वळवायची, आवाज थांबायचा. तो गेला तरी दुपारचा आवाज काही गेला नाही. मकबूल म्हणायचा, मशीनचा आहे. मशीन बंद असतानाही यायचा. इशरत मागं जायची, रिकाम्या उशीला हात लावून परत यायची.

अंगाचं काही फेकू नये, मातीला द्यावं, हे तिनंच त्याला शिकवलं होतं. नखं, केस, दुधाचे दात, सगळं मागच्या मेंदीखाली पुरलेलं. अक्कलदाढही त्यानं सुजल्या गालानं घरी आणली होती. "घे अम्मी, तुझं खत." हिरडीचं मात्र बोलला नव्हता.

मकबूलनं सगळं ऐकून घेतलं.

"घेऊन येऊ. त्याच्यापाशी ठेवू. थोडं तिकडं, थोडं इकडं, पोरगं निजंल कसं?"

"म्हून दात खाऊन राहिलं व्हय?"

एरवी तो मशीनवर ढकलायचा. या वेळी त्यानं कुदळ काढून ठेवली. सकाळी कब्रस्तानात गेला, शाकीरच्या कबरीला लागून वीतभर खड्डा खणला आणि मग दोघं बसनं शहराला गेले.

प्रतीक्षा त्यांच्याच भागातली, शिरड शहापूरची निघाली. पांढऱ्या कोटातलं लेकरूच. तिनं इशरतला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"दिसतंय का, चाची?"

"काळं हाय सगळं."

"डोळे उघडा ना."

इशरतनं डोळे उघडले. उजेडात बारीक बारीक टाके. कुणी धावदोरा घालत जावं आणि मध्येच हात गोल फिरवावा, तसे वळत गेलेले. शाकीरच्या टाळूवर असाच भोवरा होता. किती तेल चोपडलं तरी तिथले केस उभे ते उभेच.

"भवरा हाय," ती म्हणाली. "अजी, बघा."

मकबूल पुढं आला नाही. "आमाला हे नेयचंय," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "दफन कराया."

प्रतीक्षानं मान हलवली. "तुमचा हक्क आहे, चाचा. देते मी. फक्त... हे गरम पेटीत ठेवावं लागतं. दोन-तीन दिवसांनी खाणं बदलावं लागतं. बाहेर नेलं की पेशी मरतील."

खोलीत कसलीशी पेटी घुमत होती.

"मंजी आमीच..." इशरतनं सूक्ष्मदर्शकाकडं बघितलं. मग तिनं विचारलं, "हे करता तरी काय याचं?"

"हिरड्या झिजतात, दात हलायला लागतात. तिथं नवं मांस, नवं हाड भरून यावं, असं बघतोय आम्ही. अजून जमलेलं नाही. जमेलच असंही नाही."

पोरगी खरं बोलणारी होती. इशरतनं तिचा हात धरला. "देताना काय म्हणला गं तो?"

"हसत होते. तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं तरी परत परत विचारायचे, फेकणार न्हाई ना? घरी अम्मी विचारंल. मी म्हटलं, नाही फेकणार."

इशरतनं पुन्हा एकदा काचेला डोळा लावला.

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "भुकं ठेवू नको त्याला."

मकबूल एकटाच बाहेर निघून गेला. बसमध्ये तिच्या शेजारी बसला, पण तोंड खिडकीकडं. फाट्यावर उतरल्यावर थेट कब्रस्तानाकडं वळला. बाया आत जात नाहीत; इशरत फाटकाशी थांबली. बऱ्याच वेळानं तो हात झटकत आला.

"बुजवला?"

"न्हाई. फरशी टाकली वर."

"काहून?"

"कवा येईल, काय सांगावं? जागा असू द्यावी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मकबूल पिंजायला बसला होता. इशरत उशीचं तोंड शिवत होती. मागच्या खोलीतून कराकरा आवाज आला. तिची सुई थांबली. पण ती उठली नाही.

"कुशीवर हो, बाबा," ती बसल्या जागेवरून म्हणाली आणि पुढचा टाका घातला.

आवाज थांबला का, हे ऐकायला मकबूलनं मशीन बंद केलं.