कूलरसमोरचं पाहुणं

गीतांजलीनं होकार दिला नाही की नकार दिला नाही. तिनं कुंडी दिली. अमरावतीला बघण्याच्या कार्यक्रमात पोहे खाऊन झाल्यावर ती आत गेली आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं कॅलेथियाचं झाड घेऊन आली. "याले ऊन चालत नाई, कोरडी हवा त अजिबात नाई," ती ललितला म्हणाली. "बुद्धपौर्णिमेपर्यंत सांभाळा, मंग सांगीन."

तहसील कचेरीतल्या या बाबूनं जन्मात कोथिंबीर लावली नव्हती. तरी अकोल्यापर्यंत त्यानं कुंडी मांडीवर धरली, आणि कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा तोंडून निघालं, "दोन." पैसे दिल्यावर चूक कळली, पण त्याला तीही आवडली.

आईनं, जाईबाईनं, कुंडीला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. "सून येईल तवा येईल, आधी तिचं पाहुणं आलं," ती म्हणाली. आता वऱ्हाडात उन्हाळ्यात पाहुण्याची जागा एकच. व्याही असो की साहेब, आधी कूलरसमोर. कुंडीही तिथल्या खुर्चीत बसली आणि मायलेक बाजूला घामाघूम होत तिच्याकडे कौतुकानं बघत राहिले.

थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या, पानं तळलेल्या पापडासारखी वळली. ललितचं धाबं दणाणलं. लग्नच वाळून चाललंय असं त्याला वाटलं आणि त्यानं कूलर फुल्ल केला. पानं आणखी वळली. त्यानं कडा कात्रीनं कापल्या. कचेरीत एका दाखल्यावर अर्जदाराच्या जागी कॅलेथिया लिहून ठेवलं.

तेवढ्यात धामणगावहून गजेंद्रमामा नात्यातल्या एका लग्नाला म्हणून मुक्कामी आले. "हे झुडूप कावून बसवलं इथं?" म्हणत त्यांनी कुंडी उचलली, स्वयंपाकघरात माठामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवली आणि स्वतः खुर्चीत बसले. मामांना उठवायची ललितची काय छाती! कोपऱ्यात डोकावायचा तर त्याला धीरच होईना. माठ भरताना उरलेलं पाणी जाईबाई कुंडीत ओतायची, तेवढंच.

दहा-बारा दिवसांनी मामा गेले तसा तो जड पावलांनी माठामागे वाकला. झिरपत्या माठाच्या गारव्यात झाड टवटवीत उभं होतं, आणि मधोमध एका नव्या पानाची सुरळी वर आली होती. ललित चक्क स्वयंपाकघरात नाचला. जाईबाई म्हणाली, "याले वारा नोको होता बापा, माठ पायजे होता."

बुद्धपौर्णिमेला गीतांजली भावासोबत आली. अर्थात तिला कूलरसमोर बसवलं. तिनं इकडेतिकडे बघितलं. "झाड कुठं हाय?"

ललितनं तिला माठापाशी नेलं. नव्या पानावरून तिनं बोट फिरवलं, मग खालची कापलेली पानं दिसली. "कूलरसमोर ठेवलं होतं?"

"पाहुणं होतं ना," ललित कसंबसं म्हणाला.

ती हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसत बाहेर आली तर जाईबाईनं पुन्हा खुर्ची दाखवली. "बस बाई, वाऱ्यात बस."

"नाई आई," गीतांजली म्हणाली. "तिथं पाहुण्याले बसवतात." आणि ती परत आत जाऊन माठापाशी, झाडाशेजारी, जमिनीवर मांडी घालून बसली.

जाईबाईच्या लगेच लक्षात आलं. ललितला जरा वेळ लागला. मग हरखून तो स्वतःच जाऊन कूलरसमोरच्या खुर्चीत पाहुण्यासारखा बसला.