सोळा ठिपके

१९५६च्या जानेवारीत गिरगावात संचारबंदी लागली, तेव्हा ललिताचा नवरा वसंत तुरुंगात होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून त्याला पकडून नेलं होतं. चाळीतल्या दोन खोल्यांत ललिता आणि तिची नणंद मृणालिनी, दोघीच उरल्या. मृणालिनी गणितात एम.ए. करत होती. वहिनी धड जेवत नाही, खिडकीपासून हलत नाही, हे पाहून तिने एका दुपारी कागदावर तीन ओळींत नऊ ठिपके काढले.

"वहिनी, ये बघू. पाळीपाळीने शेजारचे दोन ठिपके जोडायचे. जिच्या रेघेने चौकोन पुरा होईल, तो तिचा. आणि तिनेच आणखी एक रेघ मारायची. शेवटी जिचे चौकोन जास्त, ती जिंकली."

ललिता मन मारून बसली. सुरुवातीचे डाव हरली. मग एक जिंकली आणि म्हणाली, "आता तूच आधी खेळ. मागून खेळणारीचं फावतं, असं वाटतंय मला."

"नुसतं वाटून काय उपयोग?" मृणालिनी हसली, पण तिलाही चैन पडेना. रेघा बारा, प्रत्येक मारलेली किंवा न मारलेली. म्हणजे चार हजारांवर मांडण्या. कागद फिरवून पाहिला की त्यांतल्या बऱ्याच सारख्याच निघत. कागद संपले तशी ती पाटीवर मांडत बसली. ललिता भाजी चिरता चिरता विचारी, "आणि इथे मी अशी खेळले तर?"

एका सकाळी मृणालिनीने पाटी खाली ठेवली. "तुझं खरं, वहिनी. न चुकता खेळली तर दुसरीच जिंकते."

"मग आता सोळा ठिपके घे."

मृणालिनीने हिशेब केला आणि कपाळाला हात लावला. एक रेघ वाढली की मांडण्या दुप्पट. चोवीस रेघांच्या दीड कोटीवर जात होत्या. "जन्म जाईल गं!"

"एवढ्याशा कागदात?" ललिताला खरं वाटेना.

संचारबंदी उठल्यावर ती तुरुंगात भेटीला गेली. वसंतची दाढी वाढली होती. रडू येईल या भीतीने तिने खेळाचंच सांगितलं. तो जाळीपलीकडून हवेत बोटाने रेघा ओढायला लागला.

"सोळा ठिपक्यांना पहिला जिंकणार."

"कशावरून म्हणता?"

"असंच वाटतं."

ललिताला हसू फुटलं. शिपाई वेळ संपल्याचं सांगायला आला, तेव्हाही ती हसतच होती. त्या दिवशी घरी येऊन ती पोटभर जेवली.

मृणालिनीने सगळ्या मांडण्या तपासायचा नाद सोडला. ती आता डावातली खोच शोधू लागली. शेवटी शेवटी दोन चौकोन मुद्दाम सोडून दिले, की समोरच्याला ते घेऊन आणखी एक रेघ मारावी लागते आणि नाइलाजाने चौकोनांची पुढची लांब रांग उघडून द्यावी लागते, हे तिला सापडलं. तिने ते फक्त वहिनीला शिकवलं.

वसंत सुटून आला, त्याच संध्याकाळी ललिताने डावात त्याला दोन चौकोन सोडले. तो खूश झाला. मग तिने उरलेले सगळे घेतले.

"हे कसं काय झालं?" कागदाकडे पाहत तो म्हणाला. "पुन्हा मांड."