समोरच्याची बाजू

ऑनलाइन ज्ञानकोशाचा प्रचालक म्हणजे फुकटचा पंच. पगार नाही, शिव्या मात्र दोन्हीकडून. त्या आठवड्यात दोन संपादक एका विणकर संस्थेच्या पानावरून हातघाईवर आले होते. मोहाडीकडची ही संस्था गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी बंद पडली. एक जण लिहायचा, ‘अध्यक्ष मधुकरराव यांच्यामुळे संस्था बुडाली.’ दुसरी ते पुसून लिहायची, ‘सूत महागल्यामुळे संस्था बंद पडली.’ पुन्हा तो, पुन्हा ती. शेवटी मी पानाला कुलूप लावलं. दोघं आपल्याच जिल्ह्यातले निघाले, म्हणून त्यांना वरठीला माझ्या घरी बोलावलं. पडद्याआडून भांडणं सोपं असतं, समोर बसून चहा पिताना जड जातं, असा माझा हिशेब होता.

हिशेब पार चुकला. हर्षा आत आली आणि तिने सांगितलं की ती मधुकररावांची मुलगी. आधीच येऊन बसलेला राजकुमार खुर्चीतून अर्धा उठला. त्याचे वडील गोपीचंद त्याच संस्थेत विणकर होते. संस्था बुडाल्यावर माग विकून ते एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले.

माझं डोकंच फिरलं. ज्याचं घर विषयात गुंतलंय त्याने ते आधी सांगायचं आणि पानाला हात लावायचा नाही, एवढा साधा नियम. दोघांनीही नातं लपवलं होतं. मी दोघांनाही झापलं. चहा तसाच निवत राहिला.

हर्षा म्हणाली, बाबा आता कुठे जात नाहीत, रोज सकाळी मोबाइलवर तेच पान उघडून बसतात. ते वाक्य राहिलं तर खचतील. राजकुमार म्हणाला की त्याचे बाबा खचले तेव्हा कुणी काही लिहिलं नव्हतं.

अशा वेळी मी एक रीत वापरतो. प्रत्येकाने समोरच्याची बाजू लिहायची, आणि ती वाचून समोरच्याने ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हटलं पाहिजे. राजकुमारने दात आवळून लिहिलं की सूत महागलं, मागणी घटली, अध्यक्षांच्या हातात फारसं काही नव्हतं. हर्षाने ‘हो’ म्हणून मान हलवली.

मग लॅपटॉप तिच्याकडे गेला. तिने खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, ही आता उठून जाणार. मग तिने एकदम लिहिलं, ‘सूत येणार नाही हे अध्यक्षांना दिवाळीआधीच कळलं होतं. त्यांनी विणकरांना सांगितलं नाही. विणकर आशेवर थांबले आणि दुसरं काम शोधायची वेळ निघून गेली.’

राजकुमारने ते दोनदा वाचलं.

“हे तुमाले कोनं सांगतलं?”

“घरीच ऐकलं. मी लहान होती. बाबा आईले सांगून राहिले होते.”

आता राजकुमार म्हणणार, टाका पानावर. आणि मला नाही म्हणावं लागणार, कारण घरात ऐकलेलं म्हणजे संदर्भ नव्हे. त्या क्षणी मला माझ्याच नियमाची चीड आली.

राजकुमारने लॅपटॉप ओढला आणि तिची तिन्ही वाक्यं पुसून टाकली.

“याले संदर्भ नाही,” तो म्हणाला. “माह्या वाक्यालेही नव्हता.”

हर्षा रडायला लागली. तो तिच्याकडे न बघता बोलत राहिला. “माहे बाबा अजून म्हणतात, चूक कोनाची नाही, माहीच. मीच वेळेवर दुसरं काम शोधलं नाही. ताई, पानाचं जाऊ द्या. त्यायले हे तुमच्या बाबाच्या तोंडून ऐकू द्या.”

तिने तिथूनच स्पीकरवर फोन लावला.

“बाबा, शर्ट घालून ठेवा. गोपीचंदकाकाकडे जायचं आहे.”

पलीकडून म्हाताऱ्याने विचारलं, “त्याले माहीत झालं का?”

“नाही,” हर्षा म्हणाली. “तुमालेच सांगायचं आहे.”